शाळेच्या नाट्यगटासाठी बाहुल्या: थोड्या पैशांत काय विकत घ्यावं आणि काय घरी करावं

दुकानात बाहुली खपते ती चेहऱ्यावर. मोठे डोळे, मऊ केस, नीट शिवलेला झगा. रंगमंचावर मात्र तिचा चेहरा पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत तसाच राहतो. प्रेक्षकांना जे काही कळतं ते मान, हात, तोंड आणि नजर यांच्या हालचालीतून. म्हणून शाळेच्या नाट्यगटासाठी बाहुल्या निवडताना पहिला प्रश्न ‘दिसते कशी?’ हा नसावा. मुलाचा हात आत नीट बसतो का आणि बसल्यावर बाहुली काय काय करू शकते, हे आधी बघावं.

या कसोटीवर बाजारात मिळणारे सगळे प्रकार तपासले तर निकाल असा लागतो. तोंड उघडणाऱ्या बाहुल्या दोन किंवा तीनच घ्या, पण चांगल्या घ्या. हातमोजा बाहुल्या घरी करा. गर्दी काठ्यांवर उभी करा. सावल्यांच्या खेळासाठी दिव्याखेरीज फारसं काही विकत घ्यावं लागत नाही. दोऱ्यांच्या बाहुल्या पहिल्या वर्षी टाळा.

खरेदीआधी दोन मापं घ्यावी लागतात. पहिलं मुलांच्या हाताचं. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा तळहात, अंगठा सोडून, साधारण ६.५ ते ७ सेंमी रुंद असतो. मोठ्या माणसाचा ८ ते ९ सेंमी. बऱ्याच तयार बाहुल्या मोठ्यांच्या हाताच्या मापाने शिवलेल्या असतात आणि खेळण्यांच्या विभागातल्या अगदी लहान मुलांच्या मापाने. दोन्ही आपल्या कामाच्या नाहीत. सैल बाहुली हातावर फिरते आणि तिचं तोंड भलतीकडे वळतं. घट्ट बाहुलीत बोटं वाकतच नाहीत. गटातल्या सगळ्यांचे हात मोजून सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान असे दोन आकडे जवळ ठेवा.

दुसरं माप सभागृहाचं. शेवटची रांग किती मीटरवर आहे? बोटबाहुली दोन-तीन मीटरपलीकडे दिसत नाही. ३० ते ३५ सेंमी उंचीची हातबाहुली आठ-दहा मीटरपर्यंत ओळखू येते, पण तिच्या चेहऱ्यावरचे बारकावे पाच-सहा मीटरवरच पुसट होतात. त्याहून मोठं सभागृह असेल तर ६० ते ७५ सेंमीच्या काठीबाहुल्या लागतात, किंवा मोठा पडदा लावून सावल्यांचा खेळ. हे माप न घेता खरेदी झाली की मागच्या रांगेतली मुलं दहा मिनिटांत कंटाळतात आणि दोष नाटकाला दिला जातो.

तयार हातमोजा बाहुल्यांचे संच

सहा किंवा आठ पात्रांचा संच, बहुधा प्राणी किंवा कुटुंबातली माणसं. स्वस्त, चटकन मिळणारे आणि म्हणून सगळ्यांत जास्त घेतले जाणारे. पाचपैकी दोन गुण.

पहिली अडचण लांबीची. संचातली बाहुली साधारण २५ सेंमीची असते आणि मनगटाशीच संपते. मुलं ज्याच्यामागे लपून बाहुली चालवतात त्या पडद्याच्या कडेवर ती वर उचलली की मुलाचा उघडा हात दिसतो. यावर सोपा उपाय आहे. गडद रंगाच्या सुती कापडाची १५ ते २० सेंमीची बाही खाली जोडायची, म्हणजे कापड कोपराच्या जवळ पोहोचतं. सगळ्या बाहुल्यांना एकाच रंगाची बाही लावली तरी चालतं.

दुसरी अडचण मोठी आहे आणि तिच्यावर स्वस्त उपाय नाही. संचातल्या सगळ्या बाहुल्या एकाच कापणीच्या असतात. रंग वेगळा, कान वेगळे, बाकी आकार तोच. दुरून बघताना प्रेक्षक पात्र ओळखतो ते बाह्याकृतीवरून: एकाचं डोकं लांबट, दुसऱ्याचं चपटं, तिसऱ्याला उंच टोपी. तपासायचं असेल तर संच खिडकीसमोर धरून डोळे किलकिले करा. आकृत्या एकसारख्या दिसल्या तर मागच्या रांगेलाही त्या तशाच दिसणार.

तिसरी अडचण मानेची. हातमोजा बाहुली चालवताना तर्जनी मानेत जाते आणि अंगठा व मधलं बोट दोन हातांत. काही जण अंगठा आणि करंगळी वापरतात. त्याने बाहुलीचे हात समान उंचीवर येतात, पण लहान मुलांच्या करंगळीला तेवढी ताकद नसते. तर्जनी निदान दुसऱ्या पेरापर्यंत डोक्यात शिरायला हवी. संचातल्या बाहुल्यांची डोकी बहुतेक वेळा कापसाने ठासून भरलेली असतात आणि बोटाला जागा उरते ती नखाएवढी. मग डोकं मागे पडतं, बाहुली सतत छताकडे बघत राहते. खालची शिवण उसवून थोडा कापूस काढला आणि जाड कागदाची नळी बसवली तर सुधारणा होते. पण इतकं काम करायचंच असेल तर बाहुली मुळापासून घरी केलेली बरी.

घरी केलेली हातमोजा बाहुली

पैशाच्या तुलनेत यापेक्षा जास्त काही देणारा प्रकार नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा गुण वाळवण्याच्या वेळेसाठी कापला.

डोकं कागदाचं. जाड कागदाची नळी मुलाच्या तर्जनीवर थोडी सैल गुंडाळा. लांबी ६ सेंमी, आतला व्यास २ ते २.५ सेंमी. नळीच्या वरच्या टोकावर चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा ९-१० सेंमी उंचीचा गोळा चिकटपट्टीने पक्का बांधा. नाक, हनुवटी, कपाळ हे उंचवटे याच टप्प्यावर कागदाचे बोळे लावून करा, आणि दिसायला हवेत त्यापेक्षा दीडपट मोठे करा, कारण वर कागदाचे थर चढले की ते बुजतात. मग कागदाच्या पट्ट्यांचे चार थर. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा कोऱ्या कागदाचा असं आलटून पालटून लावलं की कुठे थर राहून गेला ते लगेच कळतं. पांढरा गोंद दोन भाग आणि पाणी एक भाग. कणकेची किंवा मैद्याची खळही चालते, पण तिला बुरशी आणि किडे लागतात. खेळ एकाच महिन्यात उरकणार असेल तरच ती वापरा.

इथे सगळ्यांत जास्त बिघडतं ते घाईने. चारही थर एकाच दिवशी चढवले की वरचा थर वाळून कडक होतो, आत ओल राहते, आठवड्याभरात वास येतो आणि डोकं मऊ पडतं. दर दोन थरांनंतर पूर्ण एक दिवस वाऱ्यावर ठेवा. तयार डोकं ८० ते १०० ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. नाहीतर मुलाची तर्जनी पाच मिनिटांत थकते.

नळीच्या खालच्या टोकाला सुतळीचे दोन-तीन वेढे देऊन त्यावर कागद चिकटवा, म्हणजे कडा जाड होते. अंगाचं कापड या कडेच्या वर दोऱ्याने आवळून बांधायचं. ही कडा नसेल तर ऐन प्रवेशात डोकं कापडातून निसटून हातात येतं.

अंगासाठी न ताणणारं सुती कापड घ्या. लांबी ३५ ते ४० सेंमी, सपाट ठेवल्यावर मानेची रुंदी ५ सेंमी, हातांची प्रत्येकी ५ सेंमी, छातीशी १३-१४ सेंमी. काखेचा कोन टोकदार कापू नका, गोलाई द्या, आणि शिवल्यावर तिथे शिवणीच्या अलीकडेपर्यंत दोन-तीन चिरा द्या. उसवते ती नेहमी काख, कारण सगळा ताण तिथे येतो. म्हणून त्या जागी दुहेरी टीप घाला. हातांच्या टोकांना फेल्टचे पंजे, आतून जरा ताठ. मऊ पंजाने वस्तू उचलता येत नाही, आणि या प्रकाराची खरी गंमत वस्तू उचलण्यात, फेकण्यात, टाळ्या वाजवण्यात आहे. बोलण्यापेक्षा कृती जास्त असलेली पात्रं हातमोजा बाहुलीला द्या.

तोंड उघडणाऱ्या बाहुल्या

पैसे खर्च करायचे तर इथे. निवेदक, मुख्य पात्र, सतत बोलणारा विदूषक अशांसाठी याच बाहुल्या लागतात आणि चांगली बाहुली मुलांच्या हातून पाच-सहा वर्षं टिकते.

हिचा प्राण म्हणजे तोंडाच्या आतली कडक पट्टी. वरचा जबडा आणि खालचा जबडा असे दोन अर्धगोल, मध्ये कापडी बिजागरी. चार बोटं वर, अंगठा खाली. स्वस्त प्लश (मऊ, लवदार कापडाच्या) बाहुल्यांमध्ये ही पट्टी नसतेच. तोंडाच्या जागी नुसतं लाल कापड असतं. हात मिटला की ते चुरगळतं, ओठ आत जातात आणि बाहुली चावते आहे असं वाटतं. ओळखायची खूण सोपी. तोंड पूर्ण उघडा आणि बोटाने टाळूवर दाबा. टाळू वाकली तर आत काही नाही.

आकार पसंत पडला आणि पट्टी नसली तरी बाहुली सोडून देऊ नका. पट्टी घरी बसवता येते. रुंदी ९ ते १० सेंमी, प्रत्येक अर्ध्याची खोली ७ सेंमी. पुठ्ठा घेतला तर ३ मिमी जाडीचा, पण घामाने तो एका हंगामात मऊ होतो आणि बाहुली कधीच धुता येत नाही. मोठ्या प्लास्टिकच्या डब्याचं सपाट झाकण जास्त उपयोगी. दोन अर्ध्यांमध्ये ३-४ मिमी फट ठेवून दोन्ही बाजूंनी कापडी चिकटपट्टी लावा. फट ठेवली नाही तर तोंड पूर्ण मिटत नाही. वरच्या अर्ध्यावर चार बोटांसाठी रुंद इलॅस्टिकचा पट्टा, खालच्यावर अंगठ्यासाठी छोटा पट्टा. दोन्ही शिवून किंवा रिव्हेटने बसवा. गरम गोंद इथे आठवडाभरही टिकत नाही, कारण घाम आणि ओढ दोन्ही एकाच जागी. इलॅस्टिक इतकंच घट्ट की तोंड उघडताना वरचा जबडा बोटांना सोडून जाऊ नये.

आता नजर. तयार बाहुल्यांचे डोळे चकचकीत काळ्या प्लास्टिकचे असतात. जवळून छान दिसतात. मंचावरच्या दिव्यात मात्र ते चमकतात आणि बाहुली कुठे बघते आहे हे कळत नाही. पांढऱ्या गोलावर मॅट काळं बुबुळ असेल तर नजर दहा मीटरवरूनही कळते. बुबुळं गोलाच्या मध्यभागी न ठेवता नाकाच्या बाजूला किंचित सरकवा; दोन्ही डोळ्यांची दिशा पुढे एका जागी मिळते आणि बाहुली समोरच्याकडे बघते असा भास होतो. एवढ्याशा बदलाने मध्यम दर्जाची बाहुली चांगल्या बाहुलीच्या पंक्तीला बसते. अमेरिकेतले बाहुलीकार जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये केलेला पहिला कर्मिट, म्हणजे त्यांची पुढे बेडूक म्हणून गाजलेली बाहुली, आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचा होता आणि डोळे पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे भाग. सामान महाग असण्याची गरज कधीच नव्हती. डोळे आणि तोंड बरोबर जागी असण्याची होती.

घेताना आणखी काही गोष्टी बघा. अस्तर गुळगुळीत हवं. आतला कापूस किंवा फोम उघडा असला तर हात घालता-काढताना तो निघत राहतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जागी शिवण दोन्ही बाजूंनी ओढून बघा. केस लांब असले तर त्यांचा कल खालच्या दिशेला हवा. हात घालायचं भोक बाहुलीच्या पाठीत आहे की खाली, हेही तपासा. पाठीतल्या भोकाची बाहुली टेबलावर किंवा मांडीवर बसवून चालवायची असते. पडद्यामागून वर धरली की मुलाचं मनगट काटकोनात वाकतं आणि दुखतं. शब्दभ्रमाच्या बाहुल्या याच जातीच्या. त्यांच्या डोक्यात काठी आणि तोंडासाठी खटका किंवा दोरी असते, वजन जास्त असतं, आणि गटातल्या एकाच मुलाला तिचा उपयोग. शाळेच्या बजेटात ती बसवू नये.

संकेतस्थळावरून मागवत असाल तर लिहिलेली उंची पायांसकट असते हे लक्षात घ्या. ५० सेंमीच्या बाहुलीचं मंचावर दिसणारं अंग निम्मंच असू शकतं. आतल्या बाजूचं छायाचित्र आणि हात घालायच्या भोकाची रुंदी विचारा. आधी एकच मागवा, मुलांच्या हातावर चढवून बघा, मग बाकीच्या.

तोंड चालवण्याची एक गोष्ट खरेदीच्या आधीच मुलांना सांगावी, कारण तिच्यामुळे बाहुलीची निवड बदलते. नवखी मुलं शब्द उच्चारताना तोंड मिटतात आणि थांबल्यावर उघडतात, म्हणजे नेमकं उलट. ‘नमस्कार’ म्हणताना न, मस्, कार असे तीन ठोके. प्रत्येक ठोक्याला अंगठा खाली. वरची चार बोटं जवळजवळ स्थिर. बोटं वर उचलली की बाहुलीचं कपाळ मागे पडतं आणि नजर छताला लागते. ज्या बाहुलीत अंगठ्याला खाली जायला जागा कमी आहे, हनुवटी छातीला अडते, ती सुंदर असली तरी ठेवून द्या.

फोमचे संच

कापलेला फोम, फ्लीसचं (मऊ, लोकरीसारखं) कापड, डोळे आणि नमुना असा खोका. १२-१३ मिमी जाडीचा फोम आणि ताणणारं फ्लीस असेल तर संच ठीक. पण याच पैशांत फोमची शीट आणि कापड सुटं घेतलं तर तीन बाहुल्या होतात, त्यामुळे फार तर एक संच नमुन्यासाठी घ्या आणि शिवण्याआधी सगळे तुकडे कागदावर उतरवून ठेवा.

फोम जोडायला रबराचा चिकट गोंद लागतो. दोन्ही कडांना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळवून मग जोडायचा. त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते. हे काम मोठ्यांनी उघड्या खिडकीपाशी करावं, मुलांना देऊ नये. गरम गोंदाने जोड कडक होतो, फोम तिथे वाकत नाही आणि दाबल्यावर कडेने फाटतो. डोळ्यांसाठी थर्मोकोलचे गोळे वापरणार असाल तर त्यांना हा रबराचा गोंद किंवा फवाऱ्याचा रंग लावू नका, ते विरघळतात. पांढरा गोंद आणि पाण्याचे रंग लावा. मऊ फोमवर जाड अॅक्रिलिक रंग दिला तर पहिल्याच तालमीत भेगा पडतात. हव्या त्या रंगाचं कापडच घ्यावं, वरून ब्रशने रंग देऊ नये. फ्लीस कापताना त्याचा जास्त ताण डोक्याभोवती आडवा येईल असं ठेवा. उलट ठेवलं तर गालांवर सुरकुत्या येतात.

काठीबाहुल्या आणि गर्दी

या बाहुल्या मोठ्या सभागृहासाठी. डोकं १२ ते १६ मिमीच्या लाकडी काठीवर, खांद्यांना आडवी पट्टी, वरून झगा, आणि पंजांना ४० ते ४५ सेंमीच्या तारा. तारेला २ ते ३ मिमी जाडी पुरते. जुन्या छत्रीच्या काड्या यासाठी उत्तम, सरळ आणि हलक्या. सायकलचे आरे मजबूत असतात पण एवढ्या उंचीच्या बाहुलीला लांबीने कमी पडतात. तारेचं खालचं टोक वळवून त्यावर जाड मूठ बांधा. उघडं टोक ठेवू नका. पडद्यामागे अंधारात मुलं दाटीने उभी असतात आणि टोक डोळ्यांच्या उंचीवर असतं.

तयार काठीबाहुल्या क्वचित मिळतात आणि महाग असतात. घरी केलेल्या तितक्याच चांगल्या होतात, कारण यात कौशल्य शिवणीत नसून वजनाच्या तोलात आहे. सगळं वजन काठीवर सरळ खाली यायला हवं. डोकं पुढे झुकलं तर कवटीत मागच्या बाजूला चिकणमातीचा छोटा गोळा चिकटवा.

गर्दी, सैन्य, वऱ्हाडी, झाडांची रांग यांसाठी स्वतंत्र बाहुल्या करू नयेत. एका मीटरभर लांब पट्टीवर पाच-सहा पुठ्ठ्याची डोकी, प्रत्येक वेगळ्या उंचीवर, आणि दोन डोकी स्प्रिंगवर. एकच मुलगी ती पट्टी हलवते आणि जमाव तयार होतो.

सावल्यांच्या बाहुल्या

बजेट अगदीच तुटपुंजं असेल तर सगळं नाटक सावल्यांत करा. जावामधल्या वायांग कुलित या खेळातल्या बाहुल्या म्हशीच्या चामड्याच्या असतात. शाळेला काळा ३०० जीएसएम कार्डपेपर किंवा प्लास्टिकच्या फायलीचं कव्हर पुरतं. सांध्यांना दोन पायांची पितळी पिन, काठीला बांबूची काडी. सांध्याचं भोक पिनेपेक्षा किंचित मोठं करा आणि पिनेचे पाय घट्ट दाबू नका, नाहीतर हात हवेत अडकून राहतो. कान, बोटं, नाक हे भाग बारीक कापलेले असले तर आधी दुमडतात. त्यांच्यावर पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा.

पैसे लागतात ते दिव्याला, आणि इथेच चुकीची वस्तू घेतली जाते. रुंद एलईडी पॅनेल किंवा ट्यूबलाइटने सावली पुसट येते, कारण प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून येतो. वेगवेगळ्या अनेक एलईडी असलेल्या दिव्याने एका बाहुलीच्या चार-पाच सावल्या पडतात. हवा तो एकच छोटा तेजस्वी बिंदू असलेला दिवा, समोर दुधी काच नसलेला. पडद्यापासून दीड ते दोन मीटर मागे ठेवा आणि बाहुली पडद्याला टेकवून चालवा. बाहुली दिव्याकडे नेली की सावली मोठी होते. राक्षस येताना, स्वप्नात, वादळात या युक्तीचा उपयोग करा. हॅलोजनची सावली सुरेख असते, पण तो तापतो आणि कापडाशेजारी धोक्याचा आहे. शाळेत एलईडीच असावा.

पडदा साध्या पांढऱ्या सुती चादरीचा, चौकटीवर ढोलासारखा ताणलेला. एक सुरकुती राहिली तर सावलीचा चेहरा वाकडा होतो. रंग हवे असतील तर बाहुलीत खिडक्या कापून जिलेटिन कागद चिकटवा.

दोऱ्यांच्या बाहुल्या

शोभेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन-तीन दोऱ्यांच्या बाहुल्या रंगमंचासाठी घेऊ नका. त्यांचं डोकं अंगापेक्षा जड असतं, पाय हवेत तरंगतात आणि दोऱ्या बारीक असल्याने पहिल्या आठवड्यात गुंततात. चालणारी साधी सूत्रबाहुली करायची तर नऊ दोऱ्या लागतात: डोक्याला दोन, खांद्यांना दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन आणि पाठीला एक. अंगाचं वजन कंबरेत आणि पावलांत असावं लागतं, नाहीतर पाऊल जमिनीवर टेकत नाही. सरळ चालवायला शिकण्यातच मुलांच्या कित्येक तालमी जातात. गट दोन वर्षं टिकला, मुलांचे हात तयार झाले, की मग एक चांगली घ्या.

पैशांची वाटणी

समजा बारा मुलांचा गट आहे आणि बजेटचे दहा भाग केले. चार भाग तोंड उघडणाऱ्या दोन-तीन बाहुल्यांना. दोन भाग कागद, कापड, गोंद, रंग यांना. यातून पाच-सहा हातमोजा बाहुल्या आणि गर्दीची पट्टी होते. दोन भाग दिवा आणि पडद्याला, कारण ते दरवर्षी कामाला येतात. एक भाग अदलाबदलीच्या सामानाला: टोप्या, मिशा, चष्मे, केस, सगळं वेल्क्रोवर. एकच अंग चार पात्रं करू शकतं, फक्त बदलणाऱ्या गोष्टीमुळे बाह्याकृती बदलली पाहिजे. नुसता रंग बदलून चालत नाही. उरलेला एक भाग हात न लावता दुरुस्तीसाठी ठेवा.

तालमींसाठी मुख्य बाहुल्या वापरू नयेत. जुन्या मोज्यात प्लास्टिकची पट्टी बसवली की तालमीची बाहुली तयार होते, हाताची सवय तीच लागते आणि चांगली बाहुली खेळापर्यंत शाबूत राहते. मोज्याची टाच अंगठ्याच्या बाजूला नको, वर मनगटाशी यायला हवी. म्हणजे तिथे कपाळाचा उंचवटा येतो.

पडद्याची कड सगळ्यांत उंच मुलाच्या डोक्यापेक्षा ५ ते ८ सेंमी वर ठेवा. लहान मुलं हात वर धरून सलग तीन-चार मिनिटांच्या वर टिकत नाहीत, मग बाहुली हळूहळू बुडायला लागते. प्रवेश तेवढेच छोटे करा किंवा पडदा सोडून द्या. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एक बाहुली तिघं जण प्रेक्षकांसमोर उभं राहून चालवतात, मुख्य कलाकाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. टेबलावर बाहुली, मागे काळ्या कपड्यातली मुलं, हे शाळेला फार सोयीचं पडतं: हात खाली राहतात, आवाज पडद्यात अडत नाही आणि मुलांचं लक्ष बाहुलीवर असलं की प्रेक्षकांचंही बाहुलीवरच राहतं.

उसनी किंवा वापरलेली घेताना

दुसऱ्या शाळेकडून किंवा नाट्यसंस्थेकडून उसन्या बाहुल्या मिळत असतील तर आधी प्रत्येकीची आतून-बाहेरून छायाचित्रं काढा आणि दुरुस्ती कोणी करायची ते लिहून घ्या. वापरलेल्या फोमच्या बाहुल्या घेण्याआधी कोपऱ्यात दाबून बघा. पॉलियुरेथेन फोम वय, उजेड आणि दमटपणाने पिवळा पडतो आणि भुगा होतो. दाबून सोडल्यावर तो लगेच फुगला नाही किंवा हाताला पिवळी भुकटी लागली, तर ती बाहुली फुकटही घेऊ नका. आतला फोम बदलायचा म्हणजे बाहुली नव्याने करायची. कापडी बाहुली मळकी असली तरी चालेल, पट्टी प्लास्टिकची असेल तर थंड पाण्यात हाताने धुता येते. उन्हात न वाळवता सावलीत, तोंडात कागदाचा बोळा घालून वाळवा, नाहीतर जबडा कायमचा वाकडा होतो.

एका बाहुलीत अनेक मुलांचे हात जाणार असतील तर प्रत्येक मुलाला स्वतःचा पातळ सुती हातमोजा द्या. खेळ झाला की बाहुल्या पिशवीत कोंबू नका, रात्रभर खुंट्यांवर उलट्या टांगून आतला घाम सुकू द्या. डब्यात ठेवताना दुरुस्तीची पिशवी सोबत असू द्या: जाड दोरा, दोन सुया, इलॅस्टिक, कापडी चिकटपट्टी, चार जादा बुबुळं, सेफ्टी पिना. इलॅस्टिक दर हंगामाच्या सुरुवातीला बदला, तुटायची वाट बघू नका.